ओढलेला बाण न सोडता

माझ्या घरात 'माघार' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. पप्पा ओझरच्या कारखान्यात फिटर आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिणारे. पाण्याची लाइन, रेशनचं वजन, कंत्राटी कामगारांच्या सुट्ट्या, विहारासमोर टाकलेला कचरा. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत असा एकही प्रश्न नव्हता ज्यावर पप्पांचं गुलाबी कागदावरचं पत्रक निघालं नाही. मी वाचायला शिकले ती या पत्रकांच्या प्रुफांवर. 'जाहीर निषेध' मला माझ्या नावाच्या आधी लिहिता येत होतं, असं आई सांगते. कौतुकाने सांगत नाही. पत्रकाची शेवटची ओळ कायम तीच असायची: मागणी मान्य होईपर्यंत माघार नाही.

अशा घरातली मुलगी तिरंदाजी शिकायला गेली तर जे व्हायचं तेच झालं. मी धनुष्य ओढायचे आणि बाण सोडायचे. ओढलेलं परतही आणता येतं, आणायचं असतं, हे मला कुणी कितीही सांगितलं तरी पटायचं नाही.

म्हणजे असं. दोरी ओढून हात हनुवटीखाली टेकला, नेम टार्गेटच्या मधल्या पिवळ्या वर्तुळावर आला, आणि तरीही आत काहीतरी बिघडलंय असं जाणवलं, खांदा वर चढलाय, श्वास अडकलाय, बोटं घाईला आलीत, तर बाण सोडायचा नाही. दोरी सावकाश पुढे न्यायची, धनुष्य खाली घ्यायचं, श्वास घ्यायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. सर याला 'उतरवणं' म्हणायचे. "उतरव," मागून आवाज यायचा. "उतरव म्हणतोय ना, बहिरी आहेस का?" तोवर माझा बाण गेलेला असायचा. बहुतेक वेळा बाहेरच्या निळ्या वर्तुळात, कधी टार्गेटच्या मागच्या जाळीत.

सर शिकवायला उत्तम होते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी फारसं चांगलं लिहिणार नाही.

गंगापूर रोडच्या एका शाळेमागे आमचं मैदान होतं. बाकीची पोरं गाड्यांतून उतरायची आणि चाकांच्या बॅगा ओढत आत यायची. त्या बॅगांत त्यांची स्वतःची धनुष्यं. मी दोन बस बदलून जायचे आणि कपाटातून क्लबचं धनुष्य काढायचे. त्याच्या हँडलचा रंग उडालेला होता आणि वरच्या-खालच्या पात्या दुसऱ्याच कुठल्या धनुष्याच्या होत्या. पण दोन वर्षं ते माझ्याच हातात होतं. सरांनीच ते मला दिलं होतं आणि सरांनीच मला त्याच्यामागे उभं राहायला शिकवलं. दोन पायांत खांद्याएवढं अंतर. वजन टाचांवर नको. डाव्या हाताने धनुष्य पकडायचं नाही, नुसतं ढकलायचं. तळव्याचा अंगठ्याखालचा मांसल भाग हँडलला टेकवायचा आणि बोटं झोपल्यासारखी सैल सोडायची. दोरी तीन बोटांच्या पहिल्या पेरांत अडकवायची, मुठीत नाही. आणि ओढायचं दंडाने नाही, पाठीने. हे शेवटचं समजायला मला सहा महिने लागले. सर मागे उभे राहायचे आणि उजव्या खांद्याच्या फऱ्यावर एक बोट टेकवायचे. "हे माझं बोट मणक्याकडे ढकल. हात विसर. हात म्हणजे नुसता हूक." बोट सरकलं की म्हणायचे, "हां." त्या एका 'हां'साठी मी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मैदानावर काढली.

पण शरीर संपून मन सुरू झालं की सरांचा दर्जा एकदम घसरायचा. क्लबच्या भिंतीवर मन जिंकण्याविषयीची वाक्यं निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली होती. सरांकडे मनासाठी तेवढीच हत्यारं होती. बाण चुकला की "मन कुठंय?" लागला की "बघ, मन लागलं." माझ्याबाबतीत तर त्यांचं निदान कायमचं ठरलेलं: राग.

"डोकं गेटवर ठेवून येत जा," ते एकदा म्हणाले. "तुम्हा लोकांचं लवकर तापतं."

"तुम्हा लोकांचं म्हणजे कुणाचं, सर?"

"नाशिकरोडवाल्यांचं," सर म्हणाले आणि हसले. बाकीचेही हसले.

आता माझा खरा आजार सांगते. धनुष्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी असते, क्लिकर. बाण तिच्याखालून ओढायचा. पूर्ण ओढला गेला की पट्टी टोकावरून निसटते आणि 'टक्' असा आवाज होतो. तो आवाज आला की सोडायचं. आवाज होईपर्यंत पाठ थांबू द्यायची नाही आणि बोटं हलू द्यायची नाहीत. सांगायला दोन वाक्यं. पण नेम पिवळ्याजवळ पोचला की माझी बोटं 'टक्' होण्याआधीच उघडायची. मी ठरवून नाही सोडायचे. ती आपली आपण सुटायची, डोळ्यांसमोर हात आला की पापणी मिटते तशी. मोठ्या मोठ्या खेळाडूंना हा रोग होतो असं ऐकलं होतं. त्याने मला काडीचंही बरं वाटलं नाही.

माझ्याच टार्गेटवर आणखी एक मुलगी बाण मारायची. मी तिला इथे शेजारीणच म्हणते. तिच्या वडिलांची लासलगावला कांद्याची आडत होती. तिचं धनुष्य परदेशी आणि दोरी दर महिन्याला नवी. आमचं एकमेकींशी पटत नव्हतं, आणि आम्ही कधी पटवूनही घेतलं नाही. पण रोग कुठे आहे ते नेमकं तिनेच सांगितलं.

"एक काम करशील?" एका संध्याकाळी बाण उपटताना ती म्हणाली. "तुझं ते टक् न होताच सुटतं ना, मी दचकते. माझा बाण वाया जातो. तेवढं बंद कर."

"मुद्दाम करते का मी?"

"मुद्दाम केलं असतंस तर परवडलं असतं. तू श्वास आधीच सोडून देतेस, मग घाई होते. मला इथून ऐकू येतं."

"मग कान बंद करून मार."

"तूच टार्गेट बदल ना. सरांना सांग."

टार्गेट कुणीच बदललं नाही. पण श्वासाचं तिचं म्हणणं खरं निघालं, आणि त्याचाही मला राग आला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी क्लबमध्ये शस्त्रपूजा असायची. सगळी धनुष्यं दोऱ्या काढून सतरंजीवर मांडायची, झेंडूच्या माळा, समोर नारळ, उदबत्ती. प्रत्येकाने आपापल्या धनुष्याला हळदकुंकू लावायचं आणि मग सरांच्या पाया पडायचं. आदल्या वर्षी मी गेले नव्हते आणि कुणी विचारलंही नव्हतं. आमच्या घरात देव्हारा नाही. दसऱ्याला आम्ही सोनं वाटत नाही. पांढरे कपडे घालून विहारात जातो, तो आमचा वेगळा आणि मोठा दिवस. पण त्या वर्षी जिल्हा संघाची निवड चाचणी तोंडावर होती आणि सुट्टी मिळणार नव्हती. मी गेले. माझं धनुष्य सतरंजीवरून उचललं आणि मांडीवर घेऊन बसले.

"ते खाली ठेव," सर म्हणाले.

"माझं नको, सर."

"तुझं? क्लबचं आहे ते."

"मग क्लबने लावावं. मी लावणार नाही."

आरतीचं ताट कुणाच्या तरी हातात तसंच थांबलं. रांग पुढे सरकली. माझी पाळी आली तेव्हा मी उभ्यानेच हात जोडले.

सरांनी पाय मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. "गुरूच्या पाया पडायलाही तुमच्यात चालत नाही का?"

"आमच्यात म्हणजे नाशिकरोडवाल्यांच्यात?"

दोघंतिघं फिसकन हसले. सर हसले नाहीत. ते अगदी हळू, शिकवताना बोलायचे त्याच आवाजात बोलले. "चाचणीपर्यंत हे धनुष्य तुझ्याकडे राहील. संघात आलीस तर पुढेही राहील. नाही आलीस तर ते मी दुसऱ्या पोराला देईन. ज्याला त्याची किंमत आहे अशा."

घरी मी हे सांगितलं तेव्हा पप्पांनी जेवायच्या ताटाशेजारी कोरा कागद घेतला. पहिली ओळ झालीसुद्धा: क्रीडांगणावरील सक्तीच्या कर्मकांडाचा जाहीर निषेध.

"आधी तिला दोन घास खाऊ द्या," आई म्हणाली. "निषेध गरम करून वाढता येतो."

"पप्पा, चाचणी होईपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"भूमिकेला मुहूर्त लागत नाही."

"आत्ता वाटलंत तर ते म्हणतील, हरणार हे माहीत होतं म्हणून आधीच रडून घेतलं. मला बाणाने उत्तर देऊ द्या."

"म्हणजे माघार."

"माघार नाही. उतरवतेय."

"हे काय नवीन?" आईने विचारलं.

मी ताटातलं सांडग्याचं भांडं बाजूला केलं, उजवा हात हनुवटीखाली आणला आणि दोरी सावकाश पुढे नेऊन दाखवली. सोडण्याइतकाच जोर लागतो, मी म्हणाले, उलट जास्तच. पप्पा त्या रिकाम्या हाताकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. कागद मात्र फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सर माझ्या मागे उभे राहीनासे झाले.

ज्याने हा खेळ खेळलेला नाही त्याला ही शिक्षा कळणार नाही. ते मला ओरडले नाहीत, मैदानातून काढलं नाही, कुणाला माझ्याशी बोलू नका असंही सांगितलं नाही. रांगेतून चालत यायचे, प्रत्येकाच्या पाठीवर बोट टेकवायचे, माझ्यापाशी आले की पाऊल न अडखळता पुढच्याकडे जायचे. धनुष्य ओढलेलं असताना माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. तिथे दुसऱ्याचा डोळा लागतो. त्यांनी तो डोळा काढून घेतला. कुणाला बोट दाखवता येणार नाही अशी शिक्षा देणं ही एक कला आहे, आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे.

मी टार्गेट सोडलं आणि कोपऱ्यातल्या जुन्या बटपुढे, बाण अडवणाऱ्या गवताच्या ठोकळ्यापुढे, गेले. त्यावर कागद नव्हता. पाच पावलांवर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मारायचं. नेम नाही, गुण नाहीत, पिवळं नाही. फक्त शरीर. सरांनीच हा व्यायाम शिकवला होता आणि तो मला कंटाळवाणा वाटायचा. आता दुसरं काही उरलं नव्हतं. कुणी बघत नाही म्हटल्यावर मी आतून बघायला लागले. तेव्हा दिसलं की राग मनात वगैरे नसतो. त्याचा पत्ता असतो. माझा राग आधी जबड्यात यायचा, मग डाव्या हाताच्या अंगठ्यात, आणि तिथून दोरीच्या बोटांत. बोटांत पोचला की ती उघडायची. एवढंच सगळं गूढ.

राग घालवायचे उपाय मी करून पाहिले. श्वास मोजले. भिंतीवरची वाक्यं मनात म्हणून पाहिली आणि आणखी चिडले. मग एका दुपारी सरांचा तो खंडेनवमीचा आवाज कानात घोळत असताना मी धनुष्य ओढलं आणि राग तसाच राहू दिला. फक्त त्याला बोटांत येऊ दिलं नाही. जबडा सैल, अंगठा सैल, आणि तो सगळा मागे फऱ्यावर, जिथे सरांचं बोट असायचं तिथे. आता तिथे कुणाचंच बोट नव्हतं. मी ते न दिसणारं बोट मणक्याकडे ढकललं. टक्. बाण गेला आणि हात आपोआप मानेमागे सरकला. कित्येक महिन्यांत तसा सुटला नव्हता. मी 'हां' म्हणाले. मलाच म्हणाले, कारण दुसरं कोणी म्हणणारं नव्हतं.

आणि जेव्हा राग बोटांपर्यंत यायचाच, तेव्हा मी उतरवायला शिकले. पहिल्या दिवशी दर दुसरा बाण उतरवला. दंड भरून आले. बसमध्ये वरचा दांडा धरता येईना.

चाचणी दिवाळीआधीच्या रविवारी आमच्याच मैदानावर होती. मुलींच्या संघात चौघी घ्यायच्या होत्या. पहिल्या तिघी कोण हे मैदानातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. चौथ्या जागेसाठी शेजारीण आणि मी, आणि शेजारीण माझ्यापेक्षा चांगली होती. आम्हाला टार्गेट एकच मिळालं.

सराव संपला, तशी तिची आई पदराखाली एक छोटी डबी घेऊन आली. आदल्या दिवशी वणीला गडावर जाऊन आली होती. देवीचा शेंदूर, तेलात कालवलेला. तिने करंगळीने तो लेकीच्या कपाळाला लावला आणि मग धनुष्याला, हँडलच्या वर, जिथे बाण टेकतो त्या जागी. बोटभर, दाबून. "आता आईच बघेल," ती म्हणाली. माझ्या धनुष्याकडे तिने एकदा पाहिलं, तिथे काही नव्हतं, आणि नजर काढून घेतली.

पहिल्या दोन फेऱ्यांत शेजारणीचं काहीतरी बिनसलं. तिचे बाण कधी डावीकडे निळ्यात, कधी उजवीकडे लाल आणि निळ्याच्या सीमेवर, मध्येच एखादा पिवळ्यात. मी माझे बरे मारत होते. जिथे बोटं घाईला आली तिथे उतरवत होते. तिसरी फेरी संपेस्तोवर मी तिच्या पुढे गेले होते, आणि चांगलीच. सर तिच्यामागे जाऊन उभे राहिले.

"मन कुठंय तुझं?"

"इथेच आहे, सर."

"नाहीये. आई वणीपर्यंत जाऊन आली तुझ्यासाठी आणि तुझं लक्ष नाही. देवीचं नाव घे, शांत हो."

ती रडायच्या बेतात होती. मी टार्गेटजवळ बाण उपटत होते आणि तिचे बाण माझ्यासमोर होते. सगळे एका ओळीत. वर-खाली कुठेच नाही, फक्त आडवे पसरलेले, फळीवर मांडलेल्या बरण्यांसारखे. सरांचाच नियम होता, त्यांनी तो आम्हाला पाठ करून घेतला होता: बाण वर-खाली गेले तर स्वतःकडे बघ, आडवे गेले तर आधी बटण बघ. बाण हँडलला जिथे टेकतो तिथे एक बारीक बटण असतं, आत स्प्रिंग. बाण निघताना ते दबतं आणि त्याला सरळ काढून देतं. आणि त्याच जागी बोटभर शेंदूर होता, तेलातला. नियम करणाऱ्याला तो दिसत नव्हता, कारण शेंदराकडे कुणी दोष शोधायला बघत नाही.

मला माहीत होतं, गप्प बसले तर जागा माझी, आणि धनुष्यही. गप्प बसणं सोपं होतं. पण "मन कुठंय" हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. आमच्या वसाहतीत पाइप फुटून आठवडाभर गढूळ पाणी आलं, तेव्हा महापालिकेचे साहेब सांगून गेले होते की लोकांना स्वच्छतेच्या सवयी नाहीत. पप्पांनी त्यावर पत्रक काढलं होतं. बिघडलंय वस्तूत आणि रडवायचं माणसाला, ही मला माणसांची सगळ्यात घाण खोड वाटते. शेजारीण मला आवडत नव्हती. ती खोड त्याहून जास्त आवडत नव्हती.

"तुझं बटण अडकतंय," मी परत येऊन तिला म्हणाले. "शेंदूर गेलाय आत."

"काहीतरीच."

"दाबून बघ. हे इथे..." मी बोट पुढे केलं.

"ए, हात लावू नकोस." तिची आई बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे होती, पण आवाज सगळ्यांना गेला. "जे सांगायचं ते लांबून सांग. देवीचं आहे ते."

'लांबून सांग'. मी हात मागे घेतला. माझा हात स्वच्छ होता. तो का मागे घेतला, यावर नंतर मी पुष्कळ विचार केला आहे.

"आणि तुला बरं कळलं कुठे अडकलंय ते," आई पुढे म्हणाली. "तूच काही केलं नाहीस ना?"

"आई, गप्प बस ना," शेजारीण म्हणाली. तिने बटण अंगठ्याने दाबलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. ती त्याकडे बघत राहिली. मग किटमधली किल्ली काढून तिने बटण खोललं, आतली पिन ओढली. पिन केशरी झाली होती. तिने ती ट्रॅकपँटच्या मांडीला खसाखसा पुसली.

"अगं, पायाला काय पुसतेस," आई कळवळली.

 सर दुसऱ्या टार्गेटकडे वळले.

त्यानंतर शेजारणीने जे बाण मारले ते मी बघितले नाहीत, ऐकले. टक्, ठप्. टक्, ठप्. पिवळ्यात. मी कमावलेलं अंतर ती फेरीमागे फेरी खात आली. शेवटच्या फेरीत आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो तेव्हा गुण लिहिणाऱ्या पोरीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. त्याचा अर्थ आम्हा दोघींना कळला.

माझा शेवटचा बाण राहिला. मी ओढला. हात हनुवटीखाली आला, नेम पिवळ्यावर आला, आणि कानात 'लांबून सांग'. जबडा आवळला. अंगठा आवळला. राग दंडावरून खाली उतरताना मला स्पष्ट कळत होता, जिना उतरणाऱ्या माणसाचे पाय ऐकू यावेत तसा. फेरीला ठरलेला वेळ असतो, आणि घड्याळ चालू होतं. माझ्यातली सगळी गुलाबी पत्रकं म्हणत होती, सोड.

मी उतरवला.

मागून कुणीतरी "अरे" म्हणालं. शेजारणीने धनुष्य खाली घेतलं होतं, तिचे बाण संपले होते, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी श्वास घेतला. तो आत गेल्यावर लगेच सोडला नाही. पाय, तळवा, बोटं, सगळं पहिल्यापासून. 'लांबून सांग' तिथेच होतं, गेलं नव्हतं. जायला सांगितलंही नव्हतं. ते पाठीवर घेतलं आणि ढकललं. टक्.

मी एका गुणाने चौथी आले.

सर निकाल वाचून माझ्याकडे आले. तेवढे प्रामाणिक ते होते. "धनुष्य राहील तुझ्याकडे," ते म्हणाले. "बघ, मन शांत झालं की कसं होतं."

"शांत नव्हतं, सर."

त्यांना ते ऐकू आलं की नाही माहीत नाही. शेजारणीच्या आईने आयोजकांकडे तोंडी तक्रार केली की बटणाला कुणीतरी हात लावला. तिचं कुणी ऐकलं नाही, पण बोललं गेलं ते मैदानभर झालं. घरी पप्पांनी खिशातला तो घडीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "आता?" मी म्हणाले, आता पुरं करा आणि वाटा. सक्तीविषयीचं वाक्य तसंच ठेवलं, फक्त शेवटची, 'माघार नाही'ची ओळ मी खोडली. पप्पांना ते लागलं. वाटायला मात्र ते स्वतः गेले, क्लबच्या गेटवर, सुट्टी टाकून.

पुढच्या सरावाला शेजारीण नेहमीच्या जागी होती.  बाण उपटताना म्हणाली, "गप्प बसायला हवं होतंस."

"का?"

"मग मी शेंदराने हरले असते. आता तुझ्याकडून हरले."

"टार्गेट बदलून घे मग."

"तू घे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी रेषेवर परत आलो.

मी धनुष्य ओढलं. हात हनुवटीखाली टेकला तेव्हा मागे पावलं थांबली आणि उजव्या फऱ्यावर एक बोट टेकलं. मला ते बोट ओळखीचं होतं. त्याच्याएवढं नेमकं बोट नाशिकमध्ये दुसरं नसेल. पत्रक त्यांनी वाचलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. "ढकल," सर म्हणाले.

मी बाण उतरवला. दोरी सावकाश पुढे नेली, धनुष्य खाली घेतलं आणि टार्गेटकडे बघत उभी राहिले. वळले नाही. बोट थोडा वेळ तिथेच होतं. मग निघालं. पावलं पुढच्या मुलाकडे गेली.

मी पाय पुन्हा रेषेवर ठेवले आणि धनुष्य उचललं.